सायकलवाल्याचं पाणी

लाखांदूरच्या स्टँडसमोर एक सायकलवाला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुकानामागच्या खोलीत तो एकटाच राहायचा. दिघोरीची एसटी येईपर्यंत मी त्याच्या बाकड्यावर बसायचो.

त्याच्याकडे माशांच्या दोन काचेच्या पेट्या होत्या. वरच्या पेटीत एकच मासा होता. रिकामी पडलेली दुसरी पेटी त्यानं खाली ठेवून तिच्यात वाळू आणि कोळसा भरला होता. वरचं पाणी नळीतून खाली पडायचं, गाळून निघायचं आणि पंक्चर काढता काढता तो ते तांब्यानं परत वर ओतायचा.

एकदा पाहिलं तर मासा नव्हता. सायकलवाला मात्र पाणी ओततच होता.

"मासा तं मेला. मंग आता काहून?" मी विचारलं.

"पाणी पडते ना गुरुजी, तं मांगं कोणी भांडे घासून राहिलं असं वाटते."

एवढ्यात पंक्चरवालं गिऱ्हाईक आलं. माझी गाडीही लागली होती. मी तांब्या हातात घेतला.