माझ्या कागदावर नसलेली धून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

तलमडुगुच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आदिलाबादच्या ज्या निवासी शाळेनं मला घडवलं, तिचे उपकार मी विसरलेलो नाही. गोष्ट त्याच शाळेच्या बँडमधली. सुदाम आणि मी क्लॅरोनेट वाजवायचो. त्याचे वडील बाजारहत्नूरकडे लग्नात वाजवत. आम्हाला बँड तेवढाच ठाऊक — सगळ्यांनी मिळून एकच धून वाजवायची.

मग पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या आमच्या मास्तरांनी एक जुनं स्कॉटिश लोकगीत आणलं, मोठ्या बँडसाठी बसवलेलं. प्रत्येकाला आपापला कागद मिळाला. सुदामच्या कागदावर धून होती. आणि माझ्या? लांबच लांब सूर, मध्ये नुसतं थांबणं. धून कुठेच नाही.

माझ्या वाट्याची धून कुणी काढून घेतली? सुदामनंच — दुसरं कोण? तो मास्तरांच्या खोलीत इतका का बसतो? मी आलो की गप्प का होतो? मास्तर त्याची पोलीस बँडसाठी शिफारस करणार होते. ते त्या खोलीत त्याचीच तयारी करून घेत, हे मला माहीत होतं. तरीही.

एकदा तो म्हणाला, "काऊन रे, तोंड फुगवून राह्यला? तुह्या सुरावरच तर माही धून उभी रायते!" मला तो टोमणा वाटला.

मास्तरांना विचारायचं होतं ना? मी त्यांच्याकडे गेलो खरा — पण विचारायला नाही. सुदाम सुट्टीत शाळेची क्लॅरोनेट लग्नात वाजवायला घेऊन गेला होता, असं मी सांगितलं. शाळेचं वाद्य बाहेर न्यायला सक्त मनाई होती. लग्नात तो गेला होता. पण वडिलांची क्लॅरोनेट घेऊन. शाळेची कपाटात होती — मी स्वतः पाहिली होती.

सुदाम नाही नाही म्हणत राहिला. कुणी ऐकलं नाही. त्याला बँडमधून काढलं, शिफारस गेली, धून मला मिळाली. तो माझ्याकडेच आला, "कोनं सांगतलं असंल रे?" मी म्हणालो, वॉर्डन सरांनी असेल. इतकं सहज.

कार्यक्रमात माझा एकही सूर चुकला नाही. पण खाली, जिथं माझे ते लांब सूर असायचे, तिथं कुणीच नव्हतं. धून उघडी पडली होती. मंचावरून उतरल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "नीचे सुर पकडनेवाला चाहिए था, बेटा." तेव्हा कळलं — माझ्यापासून कुणी काहीच काढून घेतलं नव्हतं. त्या दिवशीही मी तोंड उघडू शकलो असतो. उघडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात सुदाम एका लग्नात भेटला. वडिलांच्या जागी वाजवत होता. त्यानं मिठी मारली, सोबत्यांना सांगितलं, "हा माह्या शाळेतला दोस्त. साहेब झाला!" मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "त्या वॉर्डननं माहं वाटोळं केलं, नाही का रे?"

मी हो म्हणालो.