नीळ, स्पंज, शिट्टी

आर्वीला मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते आणि कॉलेजचं वेळापत्रकही मीच लावते. प्रकाशसंश्लेषणाची माझी यादी ठरलेली आहे, चौदा मुद्दे. पहिला मुद्दा: हवेतला कार्बन घेतल्यावर पानात सर्वांत आधी तीन कार्बनचं एक आम्ल तयार होतं. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात.

यंदा रसायनशास्त्राला नवे सर आले. म्हणाले, "मॅडम, एक तास मला द्या ना. हे शोधलं कसं, तेवढंच सांगतो."

नाही म्हणायला कारण सापडेना. दोन्ही तुकड्यांचा एकेक शनिवार दिला, शेवटचा तास. तेव्हा अर्धी मुलं बसस्टँडवर असतात.

'अ' तुकडीतलं कुणीच बसस्टँडवर गेलं नाही. मी व्हरांड्यातून पाहत होते. सर सांगत होते, शास्त्रज्ञांनी शेवाळाला किरणोत्सारी कार्बन दिला. तो ज्या पदार्थात जाईल, त्याचा फिल्मवर काळा ठिपका उमटतो. मग शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये सोडलं की काम जागीच थांबतं. एवढं सांगून त्यांनी निळीत बुडवलेला स्पंज पहिल्या बाकावर दिला. हातोहात पुढे. शिट्टी वाजली की थांबायचं. ज्याचा हात निळा, त्याच्यापर्यंत कार्बन पोचला. मुलं बाकांवर चढून ओरडत होती. माझ्या तासाला हीच मुलं जांभया देतात.

'ब' तुकडी अजून बाकी होती. सोमवारच्या यादीत मी लिहिलं: नीळ, स्पंज, शिट्टी. सरांच्या शनिवारआधी मीच घेणार.

सोमवारी 'ब'मध्ये कुणी राहू नये म्हणून मी स्पंज शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दिला, मग शिट्टी फुंकली. सगळे हात निळे.

"मॅडम, आता कोनाले आधी लागली हे कसं समजन?" मागून एकजण म्हणाला.

"मॅडमनं शिट्टी लेट वाजवली ना बे!"

वर्ग हसला. माझे कान तापले. पण पोरांचं बरोबर होतं. शास्त्रज्ञांनी जास्त वेळ दिला, तेव्हा त्यांनाही ठिपकेच ठिपके दिसले होते. वेळ काही सेकंदांवर आणला, तेव्हा त्या आम्लाचा ठिपका पुढे आला.

"आता डावा हात," मी म्हटलं आणि लगेच शिट्टी दिली. पहिल्या बाकावरच्या एकाच मुलीचा हात निळा.

"हेच आम्ल!" सगळे ओरडले. इतक्या वर्षांत माझ्या पहिल्या मुद्द्याला असा आवाज कधी मिळाला नव्हता. आणि युक्ती सरांची होती.

स्टाफरूममध्ये मी निळा हात पदराखाली घेतला. सरांनी चहाचा कप पुढे केला. हात काढावाच लागला.

"पोचला वाटतं कार्बन तुमच्यापर्यंत," ते हसले. "मग 'ब'ला मी आता काय घेऊ?"

मी चहाचा घोट घेतला.

"ऑक्सिजन पाण्यातून येतो हे कसं शोधलं, ते घेतो."

तो माझा नववा मुद्दा.

शनिवारी मी 'ब'च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वही नवी होती.