योकोहामाच्या टेकडीवर दिलेलं पाणी

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. बाबा मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये वारले तेव्हा माझे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली आणि मी इकडे जपानात, एदोगावातल्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे बघत बसले. एकुलती एक मुलगी, पण बापाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला काही पोचले नाही. नवरा बिचारा समजूत घालायचा, पण त्याच्या बँकेची नवी सिस्टीम सुरू व्हायची होती. तो घरात असायचाच किती!

लेक झाली, आणि काही महिन्यांनी सर्वपित्रीला आईचा फोन आला. मुलगा नाही तर तू पाणी दे, म्हणाली, कुठूनही दे, पोचतं. मला काही ते पटत नव्हतं. पण बाबांनी सगळा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढला होता, योकोहामाला कितीदा उतरले होते. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून काळे तीळ घेतले, लेकीला बाबागाडीत घातलं आणि योकोहामाच्या बंदरावर गेले. धक्क्यावर वाकते न वाकते तोच पहारेकरी धावत आला. पाण्यात काहीही टाकता येणार नाही, हे त्याने इतक्या अदबीने सांगितलं की भांडायचीही सोय नाही. मी फणकाऱ्याने टेकडीच्या रस्त्याला लागले.

वर परदेशी लोकांचं जुनं दफनस्थान होतं. अमावास्येला, तान्ह्या पोरीला घेऊन! आईला कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण आत एक आजी एका स्मारकाच्या दगडावर लाकडी पळीने पाणी घालत होत्या. त्यांना बघून माझी लेक खुदकन हसली आणि मी थांबले. मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, हे तुमचे कोण? कोणीच नाही, त्या म्हणाल्या. मग माझ्यासाठी सावकाश बोलत त्यांनी सांगितलं. युद्धाच्या काळात खाली बंदरात मोठ्या जहाजांना आग लागली होती. त्यातलं एक तर पूर्वी समुद्रापार उतारूंची ने-आण करणारं. धक्काच पेटला. परदेशी खलाशी, जपानी कामगार, कितीतरी माणसं गेली, त्यांचाच हा दगड. आजी तेव्हा लहान होत्या, काळा धूर त्यांना अंगणातून दिसला होता.

मग तुम्ही कशाला येता, असं मी अगदी सरळ विचारून टाकलं.

“माझे वडील युद्धात दूरच्या बेटावर मारले गेले. कुठे, ते कळलंच नाही,” आजी म्हणाल्या. “मी इथे यांना घालते. तिथे त्यांना कोणीतरी घालत असेल.”

 मी तिळांचं पाकीट काढलं. ते वाचून आजींना हसू आवरेना. भातावर घ्यायचे मीठ घातलेले तीळ होते ते! मला मेलीला ती अक्षरं कुठे वाचता येत होती? तर्पणाला खारे तीळ नेणारी मीच पहिली असेन. असू दे, आजी म्हणाल्या, ही माणसं समुद्रावरचीच आहेत. आणि पळी माझ्या हातात दिली. मी बाबांचं नाव घेतलं, मग त्या जळून गेलेल्यांसाठी पाणी घातलं, मग आजींच्या वडिलांसाठी. डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं. किती महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं.

घरी येऊन आईला फोन केला. इतके दिवस जे विचारायचं धाडस नव्हतं ते विचारलं. बाबांना शेवटचं पाणी कोणी दिलं?

“शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने,” आई म्हणाली. “मी औषध आणायला खाली गेले होते गं. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्याने पाणी पाजलं. नाव विचारायचंही राहून गेलं.”

मी फोन धरून रडले, पण ते रडणं सुखाचं होतं. माझे बाबा तहानलेले गेले नव्हते. मी इथे तळमळत होते, आणि ज्याने करायचं त्याने ते केव्हाच करून टाकलं होतं. आता आपल्या माणसापर्यंत माझा हात पोचला नाही, तर मी देवावर सोपवते. देवा, त्या बाईचं नाव तुला ठाऊक आहे. तिला सुखात ठेव.