सावकाश चालणारी

स्पिरिटचा वास आला की मला ती खुलताबादकडची मुलगी आठवते आणि अजूनही पोटात दुखतं. चिप बनवणाऱ्या कारखान्यांसाठी तंत्रज्ञ तयार करणाऱ्या आमच्या शहरातल्या केंद्रात आम्ही एकाच बॅचला होतो. ती इतकी सावकाश चालायची की क्रांती चौकात रस्ता ओलांडताना मला तिचा हात धरून ओढावं लागायचं. "चल गं गोगलगाय," मी म्हणायचे आणि सगळ्या हसायच्या. मग क्लीनरूममधली, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा बंद खोलीतली, पहिली परीक्षा आली. पांढऱ्या सूटमधून फक्त डोळे दिसत होते, हातमोज्यांना लावलेलं स्पिरिट गार लागत होतं. सिलिकॉनची आरशासारखी चकती चिमट्यात धरून पलीकडच्या टेबलावर न्यायची, एवढंच काम होतं. मी नेहमीसारखी झपझप गेले आणि हवेतली धूळ मोजणारं यंत्र किंचाळायला लागलं. नंतर ती निघाली, भरलेली घागर डोक्यावर असावी तशी, आणि यंत्र गप्पच राहिलं. "बघा, असं चालायचं," सर म्हणाले, "घाई केली की अंगावरची धूळ उडते. हिला शिकवायची गरजच नाय." मास्कच्या आत माझं तोंड नुसतं जळत होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुझी चपळाई लई भारी बघ, मला नाय जमत तसं." ती हे मनापासून म्हणत होती, त्याचाच मला जास्त राग आला. आता मी चिपच्याच एका कारखान्यात नव्या मुलींना शिकवते. त्या म्हणतात, मॅडम, तुमची चाल किती शांत आहे. ती चाल कुणाची, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.