मोठ्यानं वाचायची खोली

कॉलेजच्या ग्रंथालयातून मला पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा काढलं. चोरी नाही, पान फाडलं नाही, कुणाशी मारामारी नाही. मी वाचत होते, एवढंच. पण मोठ्यानं.

आता आमच्या भातकुलीकडे वाचणं म्हणजे मोठ्यानंच. माझे बाबा संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून शिळं वर्तमानपत्र वाचायचे आणि सगळी वस्ती ऐकायची. मनातल्या मनात वाचणारा माणूस मी अमरावतीत पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, याला डुलकी लागली.

ग्रंथपाल पुण्याकडचे. आवाज इतका मऊ, की रागावले तरी तब्येत विचारताहेत असं वाटायचं.

“बाई, इतरांना त्रास होतो.”

“काहून सर? मी त पुस्तकच वाचून राहिली.”

“मनात वाचा.”

“मले नाई येत.”

आमचं साधं बोलणंही त्यांना भांडण वाटे. त्या दिवशी मात्र ते भांडणच होतं. मी जीव तोडून भांडत होते. पास झाले तरच फीमाफी पुढे चालू राहणार, नाहीतर गाठोडं बांधून गावी परत. मामानं तिथं मुलगा पाहूनच ठेवला होता. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही गर्दीनं राहायचो. तोंड उघडलं की अंगावर उशा यायच्या. आणि मुक्यानं वाचावं तर पालथ्या घड्यावर पाणी. हे सगळं सांगता सांगता मला रडू आलं. रडण्याचा मला मनस्वी राग, म्हणून मी आणखीच जोरात बोलले. अख्खं वाचनालय माना वर करून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं. जुन्या वर्तमानपत्रांची खोली होती ती, छतापर्यंत गठ्ठेच गठ्ठे. मला आत उभं केलं, “ओरडा” म्हणाले, आणि दार लावून बाहेर गेले. मी ओरडले. मनात साचलेलं सगळं ओरडून घेतलं. ते परत आले तेव्हा चेहरा खुललेला.

“काही ऐकू आलं नाही. कागद आवाज पितो.”

अशी मला खोली मिळाली. पण गावाकडून आलेली मी काय एकटीच होते! दिवाळीपर्यंत तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी इतिहास वाचतोय, कोणी अर्थशास्त्र, आणि रिद्धपूरकडची माझी मैत्रीण प्राणिशास्त्रातला बेडूक वाचतेय. फ्रान्सच्या राजाच्या पोटातून बेडकाची आतडी निघायची. शेवटी मीच टेबल बडवलं. “एकानं वाचा रे, बाकीच्यानं ऐका! गावात असंच करता ना?” मग तसंच ठरलं. कोणत्या तासाला कोणता विषय, ते ग्रंथपालांनी वळणदार अक्षरात लिहून दारावर लावलं. रविवारी त्यांनी ती खोली शहरातल्या बायकांनाही उघडून दिली. घरी पुस्तक हातात धरलं की कुणाला ना कुणाला चहा हवा असतो, म्हणून बिचाऱ्या तिथं येऊन ऐकत बसायच्या.

अकोल्याच्या एका कॉलेजातले ग्रंथपाल मुद्दाम बघायला आले. दारातच थबकले. “हा तर बाजार झाला हो.”

“बाजारात माणसं येतात तरी,” आमचे ग्रंथपाल म्हणाले. मला त्यांचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

परीक्षा तोंडावर आली. अभ्यास झाला होता, पण प्रश्नपत्रिका? ती कोण मला मोठ्यानं वाचू देणार? ग्रंथपालांना विचारलं. त्यांनीही हा विचार केला नव्हता.

तोड काढली मैत्रिणीनं. तिनं पेलाभर पाणी आणलं.

“तोंडात धर अन् वाच. आता बोलून दाखव मले!”

पहिल्या घोटाला मी हसले आणि सगळं पाणी एका गठ्ठ्यावर. दुसऱ्याला गिळलं. मग मात्र हट्टाला पेटले. रोज पाणी धरायचं आणि पान वाचायचं. सुरुवातीला शब्द नुसते गालात बुडबुडे करायचे. हळूहळू तो आवाज बाहेरचा आत गेला, आणि आत बसून मला वाचून दाखवू लागला. तो आवाज बाबांचा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

परीक्षेच्या दालनात मी पाणी मागितलं. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. पाणी देणारा शिपाई वैतागला. “पोरी, पेपर लिहून राहिली की विहीर पिऊन राहिली?” माझ्या तोंडात पाणी, उत्तर कसं देणार? मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न वाचला.

निकाल वर्तमानपत्रात यायचा. मी गावाहून पहिल्या मोटारीनं अमरावतीला आले ती तडक ग्रंथालयात. ग्रंथपालांनी पेपर माझ्यापुढे सरकवला.

“मी पाहिला नाही. तुम्हीच वाचा.”

आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवत गेले, आणि सापडला. माझा नंबर! परत जायचं नव्हतं. शिकायचं होतं. मला ओरडायचं होतं आणि घशातून आवाजच फुटेना.

“नाही?” त्यांचा चेहरा पडला.

मी नुसतं बोट ठेवलं. ते वाकले, चष्मा सारखा केला, आणि तिथं, भर वाचनालयात, माझा नंबर खणखणीत आवाजात वाचला. कोपऱ्यातले एक म्हातारे प्राध्यापक दचकून “शांतता!” म्हणाले. ग्रंथपालांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नंबर पुन्हा वाचला.