चुकीची गोळी आणि माझं पहिलं उत्तर

त्या आठवड्यातल्या रविवारीच मी आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष दिली होती. वरठीला पास्टरांच्या घराच्या पुढच्या खोलीत आमची उपासना व्हायची. पंधरा-वीस माणसं चटईवर बसायची. मी उभी राहून सांगितलं, की पूर्वी मी सहज खोटं बोलायचे, आईशी, मैत्रिणींशी, शिक्षकांशी. पण प्रभूने ती सवय माझ्यातून काढून टाकली. सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. मला फार बरं वाटलं. तेवीस वर्षांची होते मी, बारावी झालेली, आणि मोहाडीच्या एका औषधाच्या दुकानात कामाला होते.

बाजाराच्या दिवशी दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसायची. त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास एक म्हातारे बाबा आले. तळ्यातली मासोळी बाजारात विकून ते थेट दुकानात आले होते. ओल्या हातांनी खराब होऊ नये म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी टोपीत ठेवली होती. बायकोला बीपीचा त्रास होता, नवी गोळी सुरू करायची होती. मी मागे वळून खणातून पट्टी काढली, पुडीत घातली आणि म्हणाले, ‘‘रोज दुपारी जेवल्यावर एक.’’

‘‘बराबर आहे ना, पोरी? मले वाचता नाही येत.’’

‘‘बराबर आहे, बाबा,’’ मी म्हणाले. माझी नजर तोवर पुढच्या गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर गेली होती.

दोन वाजता गर्दी ओसरली तेव्हा मी खण लावायला घेतले. बीपीच्या त्या गोळीचा खोका हातात आला आणि माझे हात थांबले. खोक्याचं सील तसंच होतं. कोणी उघडलंच नव्हतं. शेजारी त्याच निळ्या रंगाचा शुगरच्या गोळ्यांचा खोका होता, आणि त्यातली एक पट्टी कमी होती. सकाळपासून शुगरची ती गोळी कोणी मागितलीच नव्हती.

मी दुकानाच्या मालकांना सांगितलं. त्यांना मी भाऊ म्हणायचे. ते जेवायला बसले होते. घास तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, ‘‘गाव कोणतं त्याचं?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘मंग कुठी शोधशील? अन् सापडला तं का सांगशील त्याले? दुकानाचं नाव जाईन. एखाद्या गोळीनं काही होत नाही. चूप राह्य.’’

एखाद्या गोळीनं काही होत नाही, हे खरं असतं तर मीही गप्प राहिले असते. पण ज्याला शुगर नाही, त्याने ती गोळी खाल्ली तर काय होतं हे भाऊंनीच मला कामाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. शुगर एकदम उतरते. म्हातारं माणूस बेशुद्ध पडू शकतं.

मी योग्य पट्टी घेतली आणि सायकल काढली. भाऊ मागून ओरडत राहिले.

बाजारात मासोळीच्या ओळीत एका बाईंनी मी केलेलं वर्णन ऐकून बाबांना ओळखलं. त्यांचं गाव मोहाडीपासून सहा-सात किलोमीटरवर, मोठ्या तळ्याच्या काठी. तेव्हा मोबाइल मोजक्याच लोकांकडे होते, त्या घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधून मुरमाचा रस्ता. मी पायडल मारत होते आणि तोंडाने एकच म्हणत होते, प्रभू, तिने ती गोळी खाल्लेली नसू दे.

अंगणात बाबांचा मुलगा जाळं विणत बसला होता. ओसरीत खाटेवर बाबांची बायको, म्हातारी आजी, पडली होती, सून तिला वारा घालत होती. मला पाहून बाबा चटकन उठले.

‘‘का झालं, पोरी? इतक्या दूर?’’

येताना सगळ्या रस्त्याने मी वाक्य जुळवलं होतं. माझ्याकडून चूक झाली, एवढंच. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

‘‘काही नाही, बाबा. कंपनीनं तो माल परत मागवला. दुसरी पट्टी देऊन जाते.’’

इतकं सफाईदार, की माझं मलाच नवल वाटलं.

‘‘देवमाणूस आहे पोर,’’ बाबा मुलाला म्हणाले, ‘‘उनातानात सायकलीनं आली.’’ त्यांनी पुडी आणून दिली. पट्टीतली एक जागा रिकामी होती.

माझ्या हातात चुकीची पट्टी आली होती, त्यांच्या हातात बरोबर पट्टी गेली होती. पुरावाच उरला नव्हता. मी सायकलचं हँडल धरलं.

तेवढ्यात आजीकडे बघत सून म्हणाली, ‘‘मामंजी, यायचे हात अजून कापून राहिले. पदर पुरा ओला झाला घामानं. जेवल्या बी नाही बराबर.’’

‘‘उन्ह लागलं असन,’’ बाबा म्हणाले. ‘‘झोपू दे तिले.’’

आजीचे डोळे अर्धवट मिटले होते. किती वेळ मी तशीच उभी होते? दहा मिनिटं तरी गेली असावीत, असं नंतर मी सांगत आले. खरं म्हणजे कमी असतील. पण त्या वेळात मी चक्क हिशेब करत होते, की मी निघून गेले तर कोणाला कळेल का.

‘‘झोपू देऊ नका त्यांना,’’ मी म्हणाले.

‘‘काहून?’’

‘‘गोळी चुकीची होती. शुगरची होती. मीच दिली. कंपनीचं मी खोटं बोलले.’’

जाळं खाली पडलं. मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ‘‘आता म्हणत होती ना कंपनीनं मागवलं म्हणून? माय मेली असती तं?’’

‘‘मला मग मारा. आधी साखर आणा, गूळ आणा, पाण्यात घोळून पाजा.’’

सून धावली. आजीला उठवून बसवलं, घोट घोट पाजलं. बाजारातून परतलेली एक काळीपिवळी जीप चौकात उभी होती, तिच्यात आम्ही आजीला घातलं. मी न विचारता आत बसले. मुलगा समोर बसून माझ्याकडे बघत होता, सगळा रस्ता. आजीची मान सुनेच्या खांद्यावर कलंडत होती. दर वेळी मी तिला हाक मारायचे, आणि प्रत्येक वेळी तिचा हुंकार थोडा उशिरा यायचा. मी मनात म्हणत होते, वाचव, वाचव. मध्येच माझ्या लक्षात आलं, की मी ते आजीसाठी म्हणत नव्हते. माझ्यासाठी म्हणत होते. त्या क्षणी स्वतःची जितकी किळस आली तितकी पुन्हा कधी आली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, किती वाजता. मी गोळीचं नाव, ताकद, वेळ सगळं सांगितलं. त्यांनी लगेच बोट टोचून शुगर पाहिली आणि सलाइन लावलं. ‘‘झोपू दिलं असतं तं कठीण होतं,’’ ते म्हणाले. ‘‘या गोळीचा असर लांबतो. उद्यापर्यंत इथंच ठेवा.’’

संध्याकाळपर्यंत आजी नीट बोलू लागली. मी मुलाची माफी मागितली. हात जोडले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘माफी मागून तुमचं मन हलकं झालं असन. आमचं का?’’



दुसऱ्या दिवशी माझ्या आईला घेऊन दवाखान्यात गेले. आजी उशीला टेकून बसली होती. तिने माझा हात धरला. ‘‘तू आली म्हणून वाचली मी,’’ ती म्हणाली. ते ऐकून गप्प बसणं किती सोपं होतं! पण मी सांगितलं, की मी आले तेव्हा आधी खोटं बोलले, आणि तुम्हाला तसंच सोडून जायला निघाले होते. आईने माझ्याकडे चमकून पाहिलं. आजीने हात सोडला नाही. म्हणाली, ‘‘गेली तं नाही ना.’’

भाऊंनी मला काढून टाकलं नाही. महिनाभर मात्र ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी शुगरचे खोके दुसऱ्या भिंतीला हलवले. गिऱ्हाइकाच्या हातात पुडी देण्याआधी चिठ्ठी आणि पट्टी मोठ्याने वाचायची, ही सवय मी लावून घेतली. लोक हसायचे. बाबा पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत.

पास्टरांच्या बायकोला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, झालं ते झालं, प्रभूने क्षमा केली. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘त्या आजीचा बीपी आता कोण तपासतं?’’

म्हणून पुढचे पाच-सहा महिने, दर पंधरा दिवसांनी, मी सायकलने त्या गावी जात राहिले. आजीला बीपी तपासायला आरोग्य उपकेंद्रात न्यायचे, गोळ्या बरोबर आहेत का पाहायचे, घरी सोडून यायचे. सून चहा द्यायची. बाबा कधी तळ्यावर असायचे, कधी दोन शब्द बोलायचे. मुलगा मात्र मी अंगणात शिरले की जाळं गुंडाळून बाहेर निघून जायचा. मी त्याला कधी थांबवलं नाही.