मध्यंतरानंतरचा सिनेमा

आधी कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना एकाला चहाचा असा ठसका लागला होता, की तेव्हापासून मी सगळ्यांना आधीच बजावतो. माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, हे तुम्ही ऐकलं असेल. मी तो धोंडा चार मजले वर वाहून नेला, पुसून लख्ख केला आणि मग पाडून घेतला.

आमची चाळ गिरगावातली. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. तेव्हा आमच्याकडे सिनेमा एकाने बघायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी पद्धत होती. बघणारा मी. ऑफिस सुटलं की थेटर गाठायचं, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गॅलरीत बसून गाण्यांसकट सगळी गोष्ट सांगायची. बायका तांदूळ निवडता निवडता रडायच्या. त्या रडल्या की सिनेमात आपणच काम केलंय असं मला वाटायचं.

ऐकायला कर्णिकांची सिंधू असायची. तुमच्यापासून काय लपवायचं, मी सांगायचो ते तिच्यासाठीच. तिचे वडील अण्णा म्हणजे जमदग्नी. त्यांनी तिच्यासाठी बडोद्याचा एक बिजवर जवळजवळ पक्का केला होता. इकडे मुंबईसाठी माणसं लाठ्या खात होती, आणि अण्णा पोरगीच मुंबईबाहेर धाडायला निघाले होते. सिंधू काही बोलत नसे. फक्त एकही सभा चुकवत नसे. आमचा मित्र दिगंबर, म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मास्तर, हातात कर्णा घेऊन सभेचं सांगायला आला की ही चप्पल घालून तयार. मला वाटायचं, काय हे महाराष्ट्रप्रेम.

तेव्हा एक फार गाजलेला सिनेमा लागला. बाप मुलीला म्हाताऱ्या सावकाराच्या गळ्यात बांधायला निघालेला, आणि तिचा जीव जडलाय गावातल्या गुराख्यावर. पोरगी विहिरीच्या काठावर येऊन उभी राहते, आणि मध्यंतर. मी भजी घ्यायला उठलो, तर बाहेर मोर्चा, मागे पोलीस, अश्रुधुराची नळकांडी. खेळ बंद. सगळं थेटर डोळे चोळत घरी गेलं.

जिन्यातच काशीमावशी भेटल्या. अख्ख्या चाळीच्या मावशी त्या.

"अगो बाई, डोळे बघा याचे. शेवट एवढा रडवतो?"

मी नुसतं "हो" म्हणालो. तो एक "हो" मला नडला. शहरातल्या गडबडीमुळे थेटरं बंदच राहिली, त्यामुळे खरंखोटं करायची कुणाला सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅलरी भरली. अण्णासुद्धा खुर्ची टाकून बसले. मी विहिरीपर्यंत आलो आणि थांबलो. पुढचं मी बघितलेलं नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सिंधूचे डोळे भरून आले होते, आणि माझ्याच्याने त्या पोरीला विहिरीत ढकलवेना.

"मग ती मागे फिरते," मी म्हणालो. "घरी येऊन सरळ सांगते, बाबा, माझं मन दुसरीकडे आहे. बाप गप्प होतो. मग तिच्या डोक्यावर हात ठेवतो."

"आणि तो गुराखी?" काशीमावशींनी विचारलं.

इथे माझी अक्कल शेण खायला गेली. "तो आता मुंबईत कारकून असतो. चष्मा लागलेला असतो. चाळीत राहतो."

"मघाशी तर गुरं राखत होता."

"मध्यंतरात मॅट्रिक झाला, मावशी."

सगळे उठल्यावर सिंधू जवळ आली. "वसंता, तो बाप खरंच रागावला नाही?"

"छे गं. डोक्यावर हात ठेवला."

"मग मीही सांगते अण्णांना."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी दोनदा दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि उगीचच गॅलरीत फेऱ्या मारत राहिलो. शेवटी अण्णांनी हाक मारली.

"वसंता, आत ये. दार लोटून घे."

सिंधू स्वयंपाकघराच्या दाराशी मान खाली घालून उभी. अण्णांचा आवाज कधी नव्हे तो मऊ.

"हिनं मला सगळं सांगितलं. मुलाला तू चांगला ओळखतोस. कसा आहे?"

मी लाजलो. "मी काय सांगू, अण्णा? व्यसन नाही. आईला जपतो. पगार बेताचा आहे, पण सिंधूच्या डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही."

"एवढी खात्री आहे त्याची?"

"माझ्या स्वतःइतकी."

अण्णांनी डोळे पुसले. "मग माझं काही म्हणणं नाही. बडोद्याला नकार कळवतो. आणि तू असं कर, दिगंबरच्या आईला तूच जाऊन घेऊन ये."

मी चष्मा काढून पुसला. सिंधू माझ्याकडे बघून हसली. इतकी मनापासून ती माझ्याकडे बघून कधी हसली नव्हती. मग काय तोंड उघडणार? गेलो निरोप घेऊन. दिगंबरने मला कडकडून मिठी मारली, आणि मीही मारली.

साखरपुडा झाला, थेटरं उघडली, आणि अण्णा सगळ्या चाळीला घेऊन तोच सिनेमा बघायला निघाले. मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिलो. ती पोरगी विहिरीत उडी घेते, हे मला एव्हाना ऑफिसात कळलं होतं. आता अण्णा चिडून लग्न मोडतात की काय, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला. आणि खरं सांगतो, मोडलं तर मोडू दे, असंही एकदा वाटून गेलं.

अण्णा परतले ते थेट माझ्या खोलीत. डोळे लाल.

"मध्यंतरानंतर तू थेटरात नव्हतास."

"नव्हतो, अण्णा."

ते दोन पावलं पुढे आले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं रे. मला तो बाप व्हायचं नव्हतं."

लग्न चाळीच्या गच्चीवरच लागलं. दिगंबरने मांडवाला सभेच्याच पताका बांधल्या होत्या. मुंबई मिळणार, याची त्याला लग्नाइतकीच खात्री होती. आणि सिंधूकडे बघून मलाही त्या दिवशी वाटलं, मिळेल. मी सदऱ्याच्या बाह्या सरसावून पंगतीत वाढायला लागलो.

काशीमावशींच्या पानाशी आलो, तशा त्या म्हणाल्या, "वसंता, अख्खा सिनेमा डोळ्यांत तेल घालून बघितला मी. तुझा तो चष्मेवाला कारकून काही कुठे दिसला नाही."

"दिसतोय की, मावशी," मी म्हणालो. "तुम्हाला जिलेबी वाढतोय."